रायबंदरला घर घेताय? आधी एक उधाण बघून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही दोघं निवृत्त, मूळचे कोल्हापूरचे. मुलगी पणजीत नोकरीला आहे. तिच्याजवळ पण शहराच्या गर्दीबाहेर राहावं म्हणून रायबंदरला मांडवीच्या काठचं एक जुनं चिरेबंदी घर फेब्रुवारीत पाहिलं. मनात भरलं. मालक विकायला तयार आहेत. अशा जागी बारा महिने राहणं कसं असतं, आणि घेण्याआधी काय तपासावं?

तुम्ही घर फेब्रुवारीत पाहिलंत, म्हणून पहिली विनंती ही की विसार आत्ताच देऊ नका. फेब्रुवारीत मांडवीकाठचं कुठलंही घर देखणंच दिसतं. भिंती सुकलेल्या असतात, नुकताच रंग दिलेला असतो, वारा गार असतो, नदी आरशासारखी असते. मी स्थापत्य अभियंता आहे. १९९४ पासून पणजी, रायबंदर, जुनं गोवं, दिवाडी, चोडण या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते. १९९६ला लग्न होऊन डिचोलीहून रायबंदरला आले, तेव्हापासून इथंच राहते. त्यामुळे जे सांगते आहे ते कामाच्या अनुभवातून आणि स्वतःच्या घरातूनही.

इथं राहायचं म्हणजे भरती-ओहोटीच्या संगतीनं राहायचं. समुद्र इथून काही किलोमीटरवर आहे, समोर दिसते ती नदी, म्हणून नव्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही. पण रायबंदरची मांडवी ही खाडीच आहे. उन्हाळ्यात तिचं पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट असतं, आणि जुलै-ऑगस्टात डोंगरातून पूर उतरला की जवळजवळ गोडं होतं. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, हा फरक दोन मीटरच्या वर जातो, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, बराच कमी असतो. समोरच्या धक्क्यावर पाणी चढताना तुम्हाला दिसतं, पण तेच पाणी जमिनीखालून तुमच्या जोत्याखालीही वरखाली होत असतं. ते दिसत नाही, आणि घराचं बरंवाईट ठरवणारं पाणी तेच.

म्हणून घर परत बघायला या, आणि तिथी बघून या. आषाढ किंवा श्रावणातली अमावस्या-पौर्णिमा धरा, एक-दोन दिवस पुढं चालतील. कोकणात जुनी माणसं तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतात. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. आमच्याकडे ती याहून थोडी आधी येते, पण ढोबळ अंदाजाला हा हिशेब पुरतो. नेमकी वेळ हवी तर मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघा, रायबंदरला पाणी त्यानंतर थोड्या वेळानं चढतं. भरती पूर्ण चढलेली असताना, आणि जमलं तर वर पाऊस कोसळत असताना, त्या घरात तासभर बसा. परसातली मोरी तुंबते का पाहा. संडासात बादलीभर पाणी ओता आणि ते ओढलं जातं की फुगून वर येतं ते पाहा. रस्त्याच्या गटारातलं पाणी नदीकडे जातंय की नदीतलं पाणी गटारातून रस्त्याकडे येतंय, तेही पाहा. पणजीत १८ जून रस्ता पावसात तुंबतो त्यामागेही बऱ्याच अंशी हेच असतं. वरून पाऊस आणि खालून भरती एका वेळी आली की पाण्याला जायला वाट राहत नाही.

मग त्याच दिवशी सहा तासांनी ओहोटीला पुन्हा या. चिखल उघडा पडतो आणि त्याचा एक वास असतो. मला तो आता जाणवतही नाही, उलट दोन दिवस बाहेरगावी राहून आले की त्या वासानंच घरी आल्यासारखं वाटतं. पण माझ्या ओळखीचं एक जोडपं केवळ त्या वासामुळे सहा महिन्यांत परत गेलं. हा तुमच्या नाकाचा प्रश्न आहे, तो तुम्हीच सोडवायचा.

आता भिंतींकडे येते. इथं मला सविस्तर सांगायचं आहे, कारण नदीकाठच्या घरांत सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो.

जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आहेत. चिरा सच्छिद्र असतो, मधाच्या पोळ्यासारखा. तो जमिनीतलं पाणी वर ओढतो. पाण्याबरोबर मीठ येतं. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन सुकतं, मीठ तिथंच राहतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि गिलावा आतून ढकलून पाडतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. जमिनीपासून हातभर ते छातीइतक्या उंचीपर्यंत हा पट्टा असतो. जुन्या गवंड्यांना हे माहीत होतं. ते भिंतीला चुन्याचा गिलावा करत. चुना श्वास घेतो, ओल बाहेर जाऊ देतो. दर काही वर्षांनी खालचा पट्टा खरवडून पुन्हा चुना मारायचा, एवढीच त्याची निगा.

१९९८ साली मी रायबंदरच्याच एका घरात हे काम केलं आणि चुकले. मालकांना चुन्याचा पुन्हा पुन्हा व्याप नको होता. मी लोणा लागलेला गिलावा काढला, चिरा धुऊन घेतला आणि कमरेच्या उंचीपर्यंत सिमेंटचा दमदार गिलावा दिला, वर पाणीरोधक रंग. पहिल्या पावसाळ्यात भिंत कोरडी ठणठणीत होती. मालक खूश, मीही. दुसरा पावसाळा संपता संपता त्यांचा निरोप आला. जाऊन पाहिलं तर सिमेंटचा भाग तसाच होता, पण त्याच्या बरोबर वर, खिडकीच्या पाटाच्या पातळीला, पांढरी लव फुटली होती. बोटावर घेऊन जिभेला लावली, खारट. सिमेंटनं खालची वाट बंद केल्यामुळे पाणी भिंतीच्या पोटातून आणखी वर चढलं होतं. जिथं कमरेपर्यंत ओल होती तिथं ती डोक्यापर्यंत गेली होती, आणि खिडकीची सागवानी चौकट खालून कुजायला लागली होती. ते सगळं सिमेंट मी माझ्या खर्चानं फोडून काढलं. भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवली, मग चुना दिला. ते घर आजही नीट उभं आहे. तेव्हापासून मी चिऱ्याच्या भिंतीला सिमेंट लावू देत नाही.

तुम्ही पाहिलेल्या घरात काय तपासायचं ते यावरून कळेल. नवा गिलावा कुठवर आहे? भिंतीवर बोटानं टकटक करत जा, पोकळ आवाज कुठं येतो? कपाट भिंतीला चिकटून असेल तर ते सरकवायला सांगा, त्यामागची भिंत खरं बोलते. फरशी नवी असेल तर का बदलली ते विचारा. खालच्या भागात लाकडी तक्ते किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या मारून भिंत झाकली असेल तर एक तक्ता काढून दाखवायचा आग्रह धरा. कोणी ‘इंजेक्शन मारून (भिंतीत भोकं पाडून रसायन भरून) ओल कायमची बंद करून देतो’ म्हणाला तर घाई करू नका. काही भिंतींत ते थोडंफार चालतं, पण चिऱ्याच्या जाड, आतून मातीनं भरलेल्या भिंतीत द्रव कुठं पोचतो आणि कुठं नाही हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

छपराचं त्या मानानं सोपं आहे. मंगळुरी कौलं फुटली तर बदलता येतात. वासे आणि रीपा मात्र टोकांना, भिंतीत शिरतात तिथं तपासून घ्या. वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच सुरू होतात. सुरी खुपसून बघायची, शिरली की समजायचं.

बहुतेक घरांना मागच्या बाजूला कधीतरी आरसीसीची एखादी खोली, संडास-बाथरूम किंवा गच्ची जोडलेली असते. माझ्या अनुभवात जुनं चिरेबंदी घर दीडशे वर्षं टिकतं आणि ही जोड तीस वर्षांत ढासळते. कारण सळ्यांवरचं काँक्रीटचं आवरण. आयएस ४५६ हे मानक समुद्रकाठच्या हवेसाठी ४५ मिलिमीटर आवरण आणि किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट मागतं. जुन्या कामांत मी फोडून पाहिलं तेव्हा आवरण पंधरा-वीस मिलिमीटरच निघालं, कधी त्याहून कमी. त्यात कोणी खारट विहिरीच्या पाण्यानं काँक्रीट कालवलं असेल तर गंज आतच पेरला गेलेला असतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. स्लॅबच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत सरळ भेग, तांबूस डाग, पापुद्रे सुटणं, यातलं एक जरी दिसलं तरी तो भाग पाडून नव्यानं बांधायचा खर्च किमतीत धरा. वरून सिमेंटचा लेप देऊन तो वाचत नाही.

पाण्याचं आणि मैल्याचं एकत्रच बोलते, कारण चिऱ्याच्या जमिनीत ते एकत्रच येतात. आपल्या शेजारचं जुनं गोवं एके काळी मोठं शहर होतं. साथींनी ते ओस पडत गेलं, आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. सच्छिद्र जमिनीतून सांडपाणी विहिरींत उतरणं हे त्या साथींचं एक कारण इतिहासकार सांगतात. जमीन तीच आहे. तुमच्या घराला शोषखड्डा असेल तर तो तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या विहिरीपासून पंधरा-वीस मीटर तरी लांब हवा, आणि तो कुठं आहे हे मालकांनी जमिनीवर पाय ठेवून दाखवायला हवं. ‘असेल तिकडं कुठंतरी’ हे उत्तर चालवून घेऊ नका. नदीलगतच्या घरात भूजल इतकं वर असतं की उधाणाला शोषखड्डा स्वतःच भरून जातो. मघाशी संडासात बादली ओतायला सांगितली ती यासाठी.

नळाचं पाणी खांडेपार नदीवरच्या ओपा इथून येतं आणि एरवी चांगलं असतं. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा पणजी आणि आसपासच्या भागात कितीतरी दिवस पाणी नव्हतं. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या तीन विहिरींवर सगळी वस्ती जगली. घरात विहीर असेल तर ती बुजवू नका, उपसून, जाळी घालून ठेवा. एप्रिल-मेमध्ये तिचं पाणी चाखून बघा. मचूळ झालं तर भांडी, झाडं, फरशीपुरतं वापरायचं. उन्हाळ्यात पंप लावून सारखं उपसत राहिलात तर नदीचं खारं पाणी आत ओढलं जाईल, आणि ते फक्त तुमच्या विहिरीत येणार नाही.

आता घराच्या मागं बघा. नदीकाठी राहणाऱ्यानं नदीइतकंच लक्ष खाजनाकडे द्यावं. खाजन म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली सखल जमीन. बांध चिखल, चिरे, पेंढा यांचा. बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला आतलं पाणी झडपा ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणी झडपा आपोआप मिटवतं. या जमिनीत खारेपणा सोसणारं कोरगुट भात पिकतं, काही भागांत उन्हाळ्यात मिठागरं चालतात, आणि मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पणजीहून रायबंदरला येणारा रस्ता म्हणजे पाटो ते रायबंदर हा १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काऊंटच्या कारकिर्दीत बांधलेला लांबलचक चिरेबंदी सेतू. तोही याच खाजन-मिठागरांच्या मधून जातो. त्याच्या कमानींखालून पाणी आजही आतबाहेर करतं.

हे तुम्हाला का सांगते? बांध फुटला किंवा मानशीची झडप कुजून तशीच राहिली तर खारं पाणी खाजनात शिरतं आणि तिथंच राहतं. मग खाजनाकडेच्या घरांच्या विहिरी खारट होतात, जोत्यांखालची ओल वाढते, डासही वाढतात. घर नदीच्या पुरानं नाही, पाठीमागच्या खाजनानं बिघडतं. म्हणून घर घेण्याआधी जवळच्या मानशीवर चालत जा. झडपा हलतात का, बांधाला भगदाडं आहेत का, देखभाल कोण करतं, कुळांची संघटना बैठक घेते का, हे शेजाऱ्यांना विचारा. आणि राहायला आलात की त्या कामात हातभार लावा, शेतकरी नसलात तरी. आमच्याकडचा बांध एकदा ऐन पावसात खचला तेव्हा ज्यांची एक गुंठाही शेती नव्हती अशी माणसंही मातीच्या गोणी वाहत होती, कारण पाणी कोणाच्या घरात आधी शिरेल हे सगळ्यांना ठाऊक होतं.

समोर कांदळवन असेल तर मला तुमचा हेवा वाटेल. नदी दिसत नाही म्हणून ते तोडून घ्या असं सुचवणारा कोणी ना कोणी भेटेलच. तोडणं कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं, कारण बोटींच्या लाटांनी काठाची माती ढासळते ती तीच मुळं धरून ठेवतात. पलीकडे चोडण बेटाच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौरस किलोमीटरचं, सगळं कांदळवनच. तिथले बगळे, खंड्या, हिवाळ्यात येणारे पाहुणे पक्षी तुमच्या काठालाही येतील, काठावर झाडं राहिली तर.

घर रस्त्याच्या टेकडीकडच्या बाजूला असेल तर वरचं बरंचसं कमी लागू होतं, पण तिथं दुसरी गोष्ट बघा. पावसात चिऱ्याच्या उतारातून झरे फुटतात. मागच्या भिंतीला आणि उतार धरून ठेवणाऱ्या गडग्याला पाणी जायला भोकं आहेत का, हे तपासा.

कागदपत्रांचं काम वकिलाचं आहे, मी फक्त माझ्या कामात आड आलेल्या गोष्टी सांगते. रायबंदर पणजी महापालिकेत येतं. काही जागांचे उतारे एक-चौदाचे (आपल्या सात-बारासारखे), काहींचे सिटी सर्व्हेचे, म्हणजे चलता नंबर (जागेचा क्रमांक) आणि पी. टी. शीटचे (नकाशाच्या पानाचे). दोन्हींची चौकशी करा. नदीकाठी किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात. २०११च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते. मांडवी इथं रुंद आहे, त्यामुळे १०० मीटर धरा. २०१९च्या अधिसूचनेत हे अंतर ५० मीटर आहे, पण ते त्या त्या राज्याचा त्यानुसारचा किनारी आराखडा मंजूर झाल्यावर. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की दुरुस्ती करता येते, वाढीव बांधकामाचं स्वप्न बाळगू नका, आणि मोठ्या दुरुस्तीलाही किनारी प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या. त्यासाठी घर १९ फेब्रुवारी १९९१ च्या, म्हणजे किनारी नियमांच्या पहिल्या अधिसूचनेच्या, आधीचं आहे याचा पुरावा सोन्यासारखा जपा. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, जुन्या सर्व्हे नकाशावर घराची उमटलेली आकृती, हे मालकांकडून व्यवहाराच्या आधी मागून घ्या. नंतर ते मिळत नाहीत.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना सर्वात जास्त चकवतं ते इथलं कौटुंबिक कायद्याचं वेगळेपण. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता समाईक असते. एकटे मालक सही करून घर विकू शकत नाहीत, पत्नीची सही लागतेच. वडिलोपार्जित घर असेल तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदारही. त्यातले काही लिस्बनला, काही टोरांटोला असतात. वारसांची वाटणी इन्व्हेंटरी प्रोसीडिंगनं, म्हणजे वारसा वाटून देण्याच्या इथल्या कायदेशीर प्रक्रियेनं, पूर्ण झाली आहे का, हे आधी विचारा. आणि परसात एखादं लहान घर, त्यात दुसरं कुटुंब राहतंय असं दिसलं तर ते मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीनं पूर्वापार घर करून राहणारे, असू शकतात. १९७५च्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. त्यांना ‘अडचण’ समजून व्यवहारात उतरू नका. त्यांच्याशी बोला. माझ्या ओळखीच्या दोन घरांत मुंडकार कुटुंबच नव्या मालकांचं सगळ्यात मोठं आधारस्थान झालं आहे.

आता रोजचं राहणं.

शांतता आहे, खरंच आहे, पण ती कशी आहे ते समजून घ्या. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. पलीकडच्या काठावरचं लग्न तुमच्या अंगणात ऐकू येतं. पूर्वी रात्रभर खनिजाच्या बार्जींच्या इंजिनांची धडधड असायची. पावसाळ्यात आग्वादला नदीच्या मुखाशी वाळूचा पट्टा वाट अडवतो, तेव्हा त्या कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीकडे वळायच्या. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि नदी एकदम गप्प झाली. त्या पहिल्या वर्षी माझ्या सासऱ्यांना त्या शांततेनं झोप येत नसे. आता बार्जी अधूनमधून दिसतात. रस्त्यालगतचं घर असेल तर सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या वेळेला वाहनांचा आवाज राहणार, कारण बायपास असला तरी पणजी-जुनं गोवं ये-जा करणारे बरेच जण याच काठाच्या रस्त्यानं येतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापर्यंत (सणापर्यंत) जुन्या गोव्याला जाणारे भाविक दारावरून चालत जातात. मी दारात पाण्याची घागर ठेवते, आमच्याकडे बरीच घरं ठेवतात. तुम्हीही ठेवा.

पावसाळ्यात बुरशीची तयारी हवी. कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब, खाली विटा. लेदरची पादत्राणं आणि पुस्तकं जूनच्या आधी उन्हात. कौलारू घरात हवा खेळती ठेवा. खिडक्या गच्च बंद करून वातानुकूलन लावलेल्या खोलीत भिंती जास्त घाम धरतात, असा माझा अनुभव आहे. टाकी आणि विहीर जाळीनं झाका. डेंग्यूचा डास खाजनात नाही, तुमच्या झाकण नसलेल्या टाकीत जन्मतो.

दुकानं दुपारी एकनंतर बंद, साडेतीन-चारला उघडतात. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की पाव, पोळी (हाही पावाचाच प्रकार) घ्यायला बाहेर पडायचं, शेजाऱ्यांची ओळख तिथंच होते. नदीची ताजी मासळी हवी तर काठाच्या माणसांना विचारून ठेवा. काळुंद्र, शेवटो, तिसऱ्या दारात येतील, आणि ओहोटीच्या वेळेवर येतील. मराठी बहुतेकांना कळते, तुम्हाला अडचण येणार नाही. पण कोंकणी शिका. पहिल्या महिन्यात मोडकीतोडकी बोललात तरी लोक आनंदानं दुरुस्त करतात.

फेरीबोटीचं वेगळं सांगायला हवं. रायबंदरहून चोडणला फेरी जाते. नेहमीच्या बोटींच्या जोडीला २०२५ पासून मोठी रो-रो बोटही आहे. तुमच्या वयाच्या माणसांना संध्याकाळी इतका सोपा विरंगुळा दुसरीकडे मिळणार नाही. पलीकडे जायचं, काठावर जरा बसायचं, परत यायचं. पाण्यात मात्र उतरू नका, कितीही शांत दिसलं तरी. ओढ वरून कळत नाही. कुंभारजुवेच्या बाजूला मगरीही आहेत. तिथल्या काही गावांत शेतकरी बांधाजवळ चिखलाची मगर घडवून पुजतात, मानगे थापणी म्हणतात. या पाण्यात आपल्या आधीपासून कोण राहतं याची ती आठवण आहे.

वयाचा विचार स्पष्टच करते. जुन्या घरांची जोती उंच असतात, पायऱ्या बाल्कांवापर्यंत (दारापुढच्या बसायच्या ओट्यापर्यंत) पाच-सहा, आणि पावसात त्यांना शेवाळ धरतं. कठडा बसवून घ्या, घराच्या रूपाला न दुखवता बसवता येतो. बांबोळीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाडीनं फार लांब नाही, पण गल्ली इतकी अरुंद आहे का की रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही, हे स्वतः मोजून बघा. रात्री मुलगी किती वेळात पोचेल, तेही एकदा रात्री करून बघा.

माझं मत विचाराल तर मालकांशी बोलून जूनपासून अकरा महिने ते घर भाड्यानं घ्या. विकायची घाई नसलेले बरेच मालक तयार होतात. नसतील तयार, तर त्याच गल्लीत दुसरं बघा. एक पावसाळा आणि एक मे महिना काढलात की तुम्हाला माझी गरज उरणार नाही, भिंती स्वतःच सांगतील. भाड्यानं जमलं नाही तर निदान श्रावणातल्या अमावस्येला या. येताना एक छत्री, एक बॅटरी, टोकदार सुरी आणि जुना टॉवेल आणा. टॉवेल अशासाठी की मागच्या खोलीत, भिंतीला लागून, फरशीवर तो रात्रभर पसरून ठेवायचा आणि सकाळी उचलून खालची बाजू हातानं बघायची.